समुदायाने बोलायचं कुठे?

१९ मे २०२१ रोजी फ्रीनोड या चॅट-नेटवर्कचा कारभार सांभाळणारे बहुतेक सगळे स्वयंसेवक एकदम राजीनामे देऊन बाहेर पडले. पायथन, उबुंटू, फेडोरा, विकिपीडिया अशा शेकडो मुक्तस्रोत प्रकल्पांची रोजची बोलण्याची जागा म्हणजे फ्रीनोड. नव्या माणसाने पहिला प्रश्न तिथेच विचारायचा, जुन्याने उत्तर तिथेच द्यायचं आणि रात्री-अपरात्री सर्व्हर बंद पडला तर मदतीची हाकही तिथेच मारायची, असा शिरस्ता होता. रॉब लेव्हिन या अमेरिकन माणसाने १९९०च्या दशकात लावलेलं हे रोप. २००६ मध्ये अपघातात त्यांचा मृत्यू झाला, तरी स्वयंसेवकांनी काम चालू ठेवलं.

वाद मालकीचा होता. फ्रीनोडच्या नावाने काढलेली कंपनी २०१७ मध्ये अँड्र्यू ली या उद्योजकाकडे गेली होती. चार वर्षं त्याचा कुणाला फारसा त्रास झाला नाही. २०२१ मध्ये मात्र नेटवर्कवर नियंत्रण कोणाचं, हा प्रश्न ऐरणीवर आला. ली यांचं म्हणणं, मालकी कायद्याने माझी आहे. स्वयंसेवकांचं म्हणणं, हे नेटवर्क कुणा एकाच्या मालकीचं कधीच नव्हतं. राजीनामे दिले त्याच दिवशी त्यांनी लिबेरा चॅट हे नवं नेटवर्क सुरू केलं. पुढच्या आठवड्यात ज्या चॅनेलांच्या, म्हणजे गप्पांच्या खोल्यांच्या, माहितीच्या ओळीत लिबेराचा उल्लेख होता, अशी सुमारे ७०० चॅनेलं फ्रीनोडच्या नव्या व्यवस्थापनाने आपल्या ताब्यात घेतली. जूनमध्ये तर सगळं नेटवर्क नव्या सॉफ्टवेअरवर नेताना सदस्यांच्या नावांची आणि चॅनेलांची जुनी नोंदणीच टाकून दिली गेली. तोपर्यंत मोठे प्रकल्प निघून गेले होते.

मुक्तस्रोत प्रकल्पाचा कोड परवान्याने सुरक्षित असतो. कंपनी विकली गेली, माणसं भांडली, तरी कोणीही त्याची प्रत घेऊन काम पुढे नेऊ शकतो. त्या कोडभोवती जमलेल्या माणसांच्या बोलण्याला असं कवच नसतं. सुदैवाने फ्रीनोडवरच्या लोकांना जागा बदलणं फार जड गेलं नाही. त्यांचं चॅट खुल्या नियमांवर चाललेलं असल्यामुळे आपल्या जुन्याच प्रोग्रॅममध्ये सर्व्हरचा पत्ता बदलला की ते लिबेरावर पोचत होते. ज्यांची बोलण्याची जागा एखाद्या कंपनीच्या बंद आवारात आहे, त्यांना ही सोय नाही. म्हणून चॅटची जागा निवडताना तिथल्या सोयींआधी बाहेर पडायचा रस्ता पाहावा, हे या प्रकरणाचं सांगणं आहे.

आयआरसी: जुनी वाट, अजून चालू

फ्रीनोड आणि लिबेरा ज्यावर उभे राहिले ते आयआरसी, म्हणजे इंटरनेट रिले चॅट, ऑगस्ट १९८८ मध्ये फिनलंडच्या ओउलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी तयार केलं. वर्ल्ड वाइड वेब तेव्हा जन्मायचं होतं. मे १९९३ मध्ये त्याचे नियम आरएफसी १४५९ या दस्तऐवजात प्रसिद्ध झाले आणि ते वाचून कोणीही सर्व्हर किंवा क्लायंट (वापरणाऱ्याच्या संगणकावरचा प्रोग्रॅम) लिहू लागला. रचना अगदी सुटसुटीत आहे. सर्व्हर एकमेकांना जोडलेले, चॅनेलाच्या नावाआधी # हे चिन्ह, आणि एकाने टाकलेली ओळ त्या क्षणी हजर असलेल्या सगळ्यांना मिळणार. जुन्या संगणकावर, मंद इंटरनेटवर, काळ्या पडद्याच्या टर्मिनलमध्येही ते चालतं.

उणिवाही याच रचनेतून येतात. मूळ आयआरसीमध्ये सर्व्हर काहीच साठवून ठेवत नाही. तुम्ही प्रश्न विचारलात आणि उत्तर येण्याआधी वीज गेली, तर उत्तर कायमचं हुकलं. जुनेजाणते यावर उपाय म्हणून ‘बाउन्सर’ नावाचा प्रोग्रॅम चोवीस तास चालणाऱ्या संगणकावर ठेवतात. तो त्यांच्या वतीने चॅनेलात हजर राहतो आणि आलेलं सगळं जपून ठेवतो. पण आज पहिल्यांदा आलेल्या विद्यार्थिनीकडे बाउन्सर कुठून असणार? उत्तर मिळायच्या आतच ती निघून जाते, आणि प्रकल्पाला कळतही नाही की आपण एक संभाव्य सहकारी गमावला.

मराठीत लिहिणाऱ्यांना आणखी एक अडचण भेडसावते. आयआरसीच्या एका मेसेजला ५१२ बाइटची मर्यादा आहे आणि पाठवणाऱ्याचं व चॅनेलाचं नावही त्यातच बसवायचं असतं. युटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. अक्षर, काना, मात्रा, हलन्त, प्रत्येकाचे तीन वेगळे. ‘महाराष्ट्र’ या शब्दात अशी दहा चिन्हं आहेत, म्हणजे ३० बाइट झाले. हिशेब केला तर देवनागरीत दीडशेच्या आसपास चिन्हं होताच ओळ संपते. इंग्रजी लिहिणाऱ्याला मर्यादा क्वचित जाणवते, आपल्याला ती दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यालाच आडवी येते. आयआरसी वाईट आहे असा याचा अर्थ नाही. साधनं ज्यांनी घडवली त्यांच्या भाषेची मापं त्या साधनांत उतरतात, आणि निवड करताना आपली मापं आपणच लावून पाहावी लागतात.

फुकटची जागा

फेब्रुवारी २०१४ मध्ये स्लॅक हे एका कंपनीचं चॅट-साधन सर्वांसाठी खुलं झालं आणि चॅटचं रूपच पालटलं. जुने मेसेज शोधता येऊ लागले, चित्रं आणि कोडचे तुकडे नीट दिसू लागले, मोबाइल आणि संगणक दोन्हीकडे एकच संभाषण चालू राहू लागलं. अनेक मुक्तस्रोत प्रकल्प आनंदाने तिकडे गेले. स्लॅक मात्र कार्यालयांसाठी बनवलेलं आहे. त्याचं शुल्क माणशी दरमहा आकारलं जातं. वीस जणांच्या कचेरीला ते परवडतं, वीस हजार अनोळखी लोकांना दार उघडं ठेवणाऱ्या समुदायाला ते परवडणं शक्य नाही. मग उरतो फुकटचा पर्याय, आणि त्याच्या अटी कंपनी ठरवते.

या अटी कशा बदलल्या ते पाहा. रिअ‍ॅक्ट या प्रोग्रॅमिंग-साधनाभोवतीचा रिअ‍ॅक्टिफ्लक्स हा समुदाय २०१५ मध्ये स्लॅकवर साडेसात हजारांच्या घरात पोचला आणि तिथे नवी आमंत्रणं पाठवणंच बंद झालं. समुदाय डिस्कॉर्ड या दुसऱ्या चॅट-सेवेवर गेला. स्लॅकमध्ये आयआरसीच्या प्रोग्रॅममधून येता यावं म्हणून ठेवलेली वाट १५ मे २०१८ रोजी बंद झाली. त्या वाटेच्या भरवशावर ज्यांनी ‘ज्यांना स्लॅक नको ते आयआरसीतून येतील’ असा समझोता केला होता, त्यांचा समझोता मोडला. फुकट वापरणाऱ्यांना आधी शेवटचे १०,००० मेसेज दिसत. सप्टेंबर २०२२ पासून त्याऐवजी शेवटच्या ९० दिवसांचेच दिसू लागले. पुढे २०२४ मध्ये एक वर्षाहून जुना मजकूर पुसण्याचं धोरणही आलं. समुदायाने वर्षानुवर्षं एकमेकांना दिलेली उत्तरं अशी नजरेआड झाली.

कुबरनेटीजचं उदाहरण तर अगदी अलीकडचं. जगभरातल्या डेटा सेंटरांमध्ये वापरल्या जाणाऱ्या या प्रकल्पाला स्लॅकने मोठ्या सेवेची विशेष सवलत दिली होती आणि तिथे दोन लाखांहून अधिक सदस्य होते. जून २०२५ मध्ये अचानक कळलं की २० जूनपासून ही सवलत काढून साधी फुकटची सेवा लागू होणार. हाताशी अवघे काही दिवस. इतका मोठा समुदाय घाईघाईने दुसरीकडे जायची तयारी करू लागला. नंतर स्लॅकची मालक कंपनी सेल्सफोर्सने निर्णय मागे घेतला आणि संकट टळलं. सवलत ही सवलत असते, हक्क नव्हे, हे मात्र सगळ्यांना दिसलं. इतक्या मोठ्या आणि नामांकित प्रकल्पाची ही गत, तर छोट्या प्रकल्पांची दखल कोण घेणार?

डिस्कॉर्ड मे २०१५ मध्ये आलं ते गेम खेळणाऱ्यांसाठी. माणशी शुल्क नाही, जुने मेसेज लपत नाहीत, आवाजी गप्पांची सोय उत्तम आणि तरुण मुलांच्या फोनमध्ये ते आधीच असतं. नव्या माणसाला आत यायला एका लिंकएवढा वेळ लागतो. हे फार मोठं बळ आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण तिथे ज्याला ‘सर्व्हर’ म्हणतात, तो तुमचा सर्व्हर नसतो. सगळं डिस्कॉर्ड कंपनीच्या संगणकांवर असतं. त्यांच्या अ‍ॅपऐवजी दुसरं अ‍ॅप वापरायला नियमांनुसार परवानगी नाही, आणि संपूर्ण समुदायाचा संवाद उतरवून घेण्याची अधिकृत सोयही नाही. शिवाय तिथलं संभाषण सर्च इंजिनच्या नजरेला पडत नाही. नागपूरच्या कुणा मुलाला आज आलेल्या अडचणीचं नेमकं उत्तर दोन वर्षांपूर्वी तिथे कुणीतरी दिलेलं असतं, पण गूगलवर शोधून ते त्याला कधीच सापडत नाही. तो तोच प्रश्न पुन्हा विचारतो आणि तोच जाणकार तेच उत्तर पुन्हा लिहून थकतो.

झुलिप: विषयवार बोलणं

चॅटची एक मूळ अडचण मालकी बदलूनही सुटत नाही. चार विषय एकाच वेळी चालू असले की मेसेज एकमेकांत मिसळतात. सकाळी उठून कोणी चॅनेल उघडलं तर तीनशे मेसेज वाचल्याशिवाय आपल्या कामाचं काय आहे ते कळत नाही. भारतातल्या माणसाला हे जास्त जाणवतं, कारण न्यूयॉर्क आणि पुणे यांच्यात ऋतूनुसार साडेनऊ ते साडेदहा तासांचं अंतर असतं. प्रकल्पाची मुख्य चर्चा होते तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र असते.

झुलिप या चॅट-सॉफ्टवेअरने यावर उपाय शोधला. तिथे चॅनेलातल्या प्रत्येक मेसेजला विषयाचं शीर्षक असतं. त्यामुळे सकाळी विषयांची यादी दिसते, हवा तो विषय पहिल्या ओळीपासून सलग वाचता येतो, आणि तीन दिवसांनी उत्तर दिलं तरी ते योग्य ठिकाणी जाऊन बसतं. ड्रॉपबॉक्सने २०१४ मध्ये हे सॉफ्टवेअर बनवणारी छोटी कंपनी विकत घेतली आणि २०१५ मध्ये त्याचा कोड मुक्त केला. त्यानंतर टिम अ‍ॅबट यांच्या नेतृत्वाखाली ते वाढत गेलं. गणिती सिद्धता संगणकाकडून तपासून घेणाऱ्या लीन या भाषेचा समुदाय झुलिपवर आहे. वेगवेगळ्या खंडांतले गणिती तिथे एखाद्या प्रमेयावर आठवडेच्या आठवडे बोलतात आणि धागा तुटत नाही. रस्ट या भाषेच्या अनेक कार्यगटांनीही हीच जागा निवडली. मुक्तस्रोत प्रकल्पांना झुलिपची सेवा विनाशुल्क मिळते. ती नको असेल तर स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येते, आणि एकीकडचा सगळा मजकूर उचलून दुसरीकडे नेता येतो. काही चॅनेलं खातं न उघडताही वाचता येतील अशी ठेवण्याची सोय आहे.

अडचण सवयीची. व्हॉट्सअ‍ॅपवर वाढलेल्या माणसाला प्रत्येक वेळी विषय निवडणं आधी जाचक वाटतं. कोणीतरी पहिले काही आठवडे चिकाटीने चुकलेले मेसेज योग्य विषयाखाली हलवत राहावं लागतं. ते केलं तर पुढे सगळ्यांचेच कष्ट वाचतात.

मेट्रिक्स: अनेकांच्या हाती

२०१४ पासून घडत आलेलं मेट्रिक्स फ्रीनोडचाच प्रश्न वेगळ्या बाजूने सोडवतं. मॅथ्यू हॉजसन आणि अमांदीन ल पाप यांनी सुरू केलेली ही एक खुली नियमावली आहे. तिच्यावर कोणीही सर्व्हर चालवू शकतो आणि वेगवेगळ्या सर्व्हरांवरचे लोक एकाच खोलीत बोलू शकतात. खोलीचा इतिहास त्यात सामील असलेल्या सर्व सर्व्हरांवर उतरतो. एक सर्व्हर बंद पडला किंवा विकला गेला तरी खोली जिवंत राहते. केडीई या डेस्कटॉप प्रकल्पाने २०१९ मध्ये मेट्रिक्स स्वीकारलं. फ्रान्सच्या सरकारी कर्मचाऱ्यांचं ‘चॅप’ हे अ‍ॅप याच नियमावलीवर उभं आहे. युरोपातली फॉस्डेम ही मुक्तस्रोत परिषद महामारीमुळे २०२१ मध्ये ऑनलाइन भरली तीही मेट्रिक्सवर.

या स्वातंत्र्याचं मोल मोजावं लागतं. सर्व्हर चालवायला जड जातो, नव्या माणसाला ‘कोणता सर्व्हर, कोणतं अ‍ॅप’ हे समजायला वेळ लागतो, आणि दार सगळ्या जगाला उघडं असल्याने स्पॅम टाकणारेही येतात. आयआरसी आणि मेट्रिक्स जोडणारे पूल बांधून दोन्हीकडच्या लोकांना एकत्र ठेवण्याचा प्रयत्न बराच काळ झाला, पण लिबेरा चॅटशी जोडणारा मोठा अधिकृत पूल २०२३ मध्ये बंद पडला. तात्पुरती सोय म्हणून पूल उपयोगी पडतात, त्यांच्यावर समुदायाचं कायमचं घर उभारू नये.

भारतीय वाचकाने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने जम्मू-काश्मीरमधल्या सुरक्षेचं कारण देऊन १४ मेसेजिंग अ‍ॅपांवर बंदी घातल्याचं जाहीर झालं. त्यात एलिमेंट हे मेट्रिक्सचं सर्वांत परिचित अ‍ॅपही होतं. एखादी बंद सेवा अशी अडली असती तर तिच्यावरचा समुदाय तिथेच संपला असता. मेट्रिक्सच्या बाबतीत दुसरं अ‍ॅप किंवा दुसरा सर्व्हर वापरण्याचा मार्ग रचनेतच होता.

आपल्या फोनमधले ग्रुप

महाराष्ट्रातल्या एखाद्या महाविद्यालयात लिनक्सची आवड असलेली मुलं जमली की पहिल्याच तासाला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघतो. सगळ्यांच्या फोनमध्ये ते असतं, शिकवावं लागत नाही. कार्यक्रमाची वेळ कळवायला ते उत्तमच. समुदायाचं घर म्हणून मात्र ते तोकडं पडतं. ग्रुपची मर्यादा १,०२४ जणांची. नव्या सदस्याला सगळी जुनी चर्चा वाचता येत नाही. आणि सर्वांत गंभीर म्हणजे, सहसा ग्रुपमधल्या प्रत्येकाला प्रत्येकाचा फोन नंबर दिसतो. अनोळखी पुरुषांच्या हाती आपला नंबर जाणार म्हणून कितीतरी मुली अशा ग्रुपमध्ये येतच नाहीत, आणि आल्या तर गप्प राहतात. कोण येत नाहीये, हे ग्रुपच्या यादीत दिसत नसतं.

टेलिग्राम या बाबतीत बरं. नंबर लपवता येतो, ग्रुपमध्ये दोन लाखांपर्यंत सदस्य मावतात, जुनं वाचता येतं. भारतातल्या अनेक मुक्तस्रोत गटांनी ते म्हणूनच स्वीकारलं. त्याचं अ‍ॅप मुक्तस्रोत असलं तरी सर्व्हर बंदच आहे, हे मात्र विसरू नये.

मोझिलाने कसं ठरवलं

फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचा स्वतःचा आयआरसी सर्व्हर दोन दशकं चालू होता. २०१९ मध्ये त्यांनी तो बंद करायचं ठरवलं, कारण तिथे नव्या लोकांना येणं अवघड होतं आणि त्रास देणाऱ्यांना रोखणंही. पण ते थेट एखाद्या चकचकीत सेवेकडे धावले नाहीत. आधी अटी लिहिल्या. ओळख पटवून प्रवेश हवा. वर्तनाचे नियम लागू करता यायला हवेत. पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या साहाय्याने अंध व्यक्तीलाही वापरता यायला हवं. बाहेरच्या स्वयंसेवकांना कर्मचाऱ्यांइतकंच सहज येता यायला हवं. मग मॅटरमोस्ट, रॉकेट चॅट, स्लॅक आणि मेट्रिक्स असे चार पर्याय लोकांना प्रत्यक्ष वापरायला दिले आणि त्यांची मतं घेतली. डिसेंबर २०१९ मध्ये मेट्रिक्सची निवड जाहीर झाली आणि मार्च २०२० मध्ये जुना सर्व्हर बंद झाला.

त्यांचं उत्तर आपल्याला लागू पडेलच असं नाही. पद्धत मात्र उचलण्यासारखी आहे. आधी अटी, मग चाचणी, मग निर्णय, मग जुन्या जागेला जाहीर तारखेने निरोप. समुदाय फुटतात ते बहुधा या शेवटच्या पायरीवर. जुनी जागाही चालू, नवीही चालू, आणि दोन्हीकडे अर्धे लोक. स्थलांतर करायचंच तर तारीख ठरवून, जुन्या जागेवर नवा पत्ता ठळक लावून करावं.

निवड करताना

तुमचा समुदाय लिहून काम करणारा आणि वेगवेगळ्या वेळी जागणारा असेल, तर झुलिप घ्या. अनेक संस्था एकत्र येणार असतील आणि कुणा एकाच्या हाती सूत्रं जाऊ नयेत असं वाटत असेल, सर्व्हर सांभाळणारं माणूसही हाताशी असेल, तर मेट्रिक्स. सगळे सदस्य मुरलेले आणि गरज साधी असेल तर लिबेरावरचं आयआरसी आजही पुरेसं आहे. विद्यार्थी गोळा करायचे आहेत, आवाजी भेटी घ्यायच्या आहेत, तर डिस्कॉर्ड जरूर वापरा, पण तिथे काहीही कायमचं राहील असं धरून चालू नका. व्हॉट्सअ‍ॅप निरोपापुरतं ठेवा.

जागा कोणतीही निवडा, ठरलेल्या गोष्टी चॅटबाहेर लिहून ठेवण्याची शिस्त लावून घ्या. अपाची फाउंडेशन या मुक्तस्रोत संस्थेच्या प्रकल्पांत चॅटवर कितीही बोलणं झालं तरी निर्णय खुल्या ईमेल-यादीवरच घेण्याची रीत आहे, म्हणजे झोपलेल्या, प्रवासात असलेल्या आणि वर्षभराने येणाऱ्या माणसालाही तो वाचता येतो. चॅटमध्ये मिळालेलं चांगलं उत्तर दहा मिनिटं काढून प्रकल्पाच्या माहितीपानावर नेऊन ठेवा.

आणि पुढचा ग्रुप उघडण्याआधी सगळ्यांनी मिळून चार गोष्टी ठरवा. अ‍ॅडमिनचे अधिकार किमान तिघांकडे असावेत. वर्तनाचे नियम पहिल्या दिवशीच लिहिलेले असावेत. तिथला मजकूर उतरवून घेता येतो का, हे सुरुवातीलाच एकदा प्रत्यक्ष करून पाहावं. आणि उद्या ही जागा सोडावी लागली तर सदस्यांना कुठे शोधायचं, तो पत्ता तुमच्या स्वतःच्या मालकीच्या डोमेनवर आजच लावून ठेवावा. एवढं केलंत तर जागा बदलली तरी तुमचा समुदाय विखुरणार नाही.